सदतीस खंडांचं एकच कार्ड

आमच्या ग्रंथालयात माणूस दारातून आत आला की आधी माझ्याकडं बघायचा. कपाटांकडं नाही, भिंतीवरच्या फलकाकडं नाही, माझ्याकडं. प्राध्यापक असो, मेंढ्यांचा डॉक्टर असो, नाहीतर पायाला तुतीच्या मळ्याची माती लागलेला रेशीमवाला असो. "काकू हायत का?" म्हणून विचारायचा आणि मी दिसले की त्याचा चेहरा सैल व्हायचा. अशा गोष्टीची सवय लागते हो माणसाला. चहाची लागते तशीच, आणि सुटताना डोकंही तसंच दुखतं.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी फोन केला, तुमच्या नोकरीतल्या गमतीजमती लिहा म्हणाले. पुस्तक पळवणारे, पुस्तकात भाकरीचा तुकडा खूण म्हणून ठेवणारे, 'ते लाल पुस्तक द्या' म्हणून तासभर अडून बसणारे वकील, असले लोक माझ्याकडं पुष्कळ आहेत. पण मला लिहायचंय ते दुसरं आहे. मला एका बाईचा फार हेवा वाटला, आणि त्या हेव्यापायी मी कामात एक गोष्ट केली. ती अजून कुणाला सांगितलेली नाही. आधी धंदा समजून घ्या, म्हणजे मी काय केलं ते कळेल.

मी केजजवळच्या खेड्यातली, दहावी पास. विद्यापीठाचं केंद्र आपल्या जिल्ह्यात निघालं तेव्हा ग्रंथालयात परिचर म्हणून लागले. परिचर म्हणजे पुस्तकं पुसायची, जागेवर लावायची, साहेबांना पाणी द्यायचं. ग्रंथपालाची खुर्ची बहुतेक वेळा रिकामीच. कुणी यायचं, सहा महिने काढायचं, बदली करून घ्यायचं. त्यांच्या मागं काम पडून राहायचं, आणि ते मी बघून बघून करायला लागले. पुस्तकांना नंबर कसे द्यायचे त्याचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं. ते मी शब्दकोश मांडीवर घेऊन वाचलं, केजच्या एसटीत खिडकीशी बसून वाचलं. कुणी शिकवलं नाही, त्यामुळं काय करायचं नसतं हेही कुणी सांगितलं नाही.

तेव्हा कॅटलॉग म्हणजे लाकडी कपाट. त्याला लहान लहान खण, खणात कार्डं. एक पुस्तक आलं की त्याची तीन-चार कार्डं करायची: एक लेखकाच्या नावाचं, एक पुस्तकाच्या नावाचं, एकदोन विषयाची. वाचणारा कुठूनही आला तरी पुस्तकापर्यंत पोचला पाहिजे. एवढंच त्यातलं गणित. पण अडचण अशी, की पुस्तक स्वतःला एका नावानं हाक मारतं आणि त्याला शोधत येणारा माणूस दुसऱ्याच. मेंढीच्या रोगाचं पुस्तक लॅटिन नाव लावून बसलेलं असतं आणि शिकाऊ डॉक्टर विचारतो, "काकू, मेंढी गोल गोल फिरती, त्याचं काय हाय का?"

म्हणून मी मेंढ्यांच्या लोकांसाठी एक खण वेगळा केला आणि त्यात कार्डं लावली ती रोगाच्या नावानं नव्हे. 'गोल फिरते.' 'लंगडते.' 'तोंडाला फेस येतो.' 'कोकरू टाकते.' पशुवैद्यक शिकवणारे डांगे सर आमच्याकडं यायचे. त्यांनी तो खण उघडला आणि चष्मा वर केला.

"काकू, ही कार्डं कुणी केली?"

"मी. कावून?"

"'गोल फिरते' हा विषय कुठल्या पुस्तकात आहे?"

"पुस्तकात न्हाई सर, मेंढीत हाय."

सर हसले, पण पुढच्या आठवड्यात त्यांनी सगळा वर्ग आणून त्या खणासमोर उभा केला. मग मला चेव चढला. रेशीमवाल्यांसाठी खण केला तो अळीच्या वयानं. पुढं अंडीपुंज, मग चॉकी म्हणजे बारकी अळी, मग एकेक कात टाकण्याची पायरी, शेवटी कोष. ज्याची अळी आज ज्या दिवसात असेल त्यानं तिथं हात घालायचा. तयार कपडा घेतला तर बगलेत घोळ येतो आणि खांद्याला ताणतो, तसं मोठ्या ग्रंथालयांचं कॅटलॉग. मी मापं घेऊन शिवत होते. ह्याचा मला किती अभिमान होता ते मी इथं पुरतं लिहीत नाही.

आता ते सदतीस खंड.

बीडच्या एका जुन्या वकिलांच्या घरच्यांनी त्यांची पुस्तकं आम्हाला दिली. त्यात निजामाच्या काळातल्या छापील हुकमांचे सदतीस बांधीव खंड होते, सगळे उर्दूत. आमच्यात कुणाला ते वाचता येईनात. मी सगळ्यांचं मिळून एक कार्ड केलं: 'हुकूमनामे, उर्दू, खंड १ ते ३७.' आणि कपाटाला कुलूप लावलं.

पुढं शेख गुरुजी यायला लागले. उर्दू शाळेतून निवृत्त झालेले, सडपातळ, कायम इस्त्रीचा शर्ट. दर गुरुवारी एक खंड मागून घ्यायचे आणि वाचत बसायचे. मी समोर बसून विचारायची, ह्या पानावर काय, त्या पानावर काय. ते सांगायचे आणि मी एका दोनशे पानी वहीत लिहून घ्यायची. खंड अमका, पान तमकं, अमक्या गावच्या विहिरीचं भांडण. इथं जत्रेचा बंदोबस्त. इथं गायरान. इथं चराईचं रान. ओळखीपुरती अक्षरंही त्यांनी मला शिकवली. चार वर्षं चाललं हे. शेवटचा खंड मिटला तेव्हा गुरुजी म्हणाले, "बाई, अब इन सब के कार्ड बना लो."

मी हो म्हणाले.

कार्डं केली नाहीत. आधी वेळ नव्हता म्हणून. मग वेळ होता तरी. त्याचं असं झालं, की जमिनीच्या कामाचे वकील यायचे, लांबून संशोधन करणारे यायचे. त्यांना मी म्हणायची, "बसा, बघते." आत जायची, वही उघडायची, आणि पाच मिनिटांत पानात चिठ्ठी घातलेला खंड घेऊन बाहेर यायची. ते थक्क व्हायचे. "काकू, तुम्हाला तर सगळं तोंडपाठ आहे." मी नुसती हसायची. वहीचं कुणाला बोलले नाही. कार्ड केलं असतं तर त्यांनी खण उघडला असता, कार्ड काढलं असतं आणि काउंटरवरच्या पोराकडं दिलं असतं. मला कोण विचारतं मग.

असं चाललं असताना अश्विनी आली. तोंडावर मी तिला मॅडमच म्हणायची, पण इथं मनातलंच लिहिते. तिशीच्या आसपासची, लातूरकडची, ग्रंथालयशास्त्र सगळं शिकून आलेली आणि कायम नेमणुकीची ग्रंथपाल. आवाज हळू, नाकावर चष्मा, डब्यात रोज मेथी. पहिल्याच महिन्यात तिनं सांगितलं की सगळी कार्डं संगणकात घ्यायची. मला वाटलं, आता ही माझे खण भंगारात घालणार. मी मनातल्या मनात भांडणाची सगळी तयारी केली. पण ती तीन दिवस त्या खणांपुढं स्टूल घेऊन बसली, एकेक कार्ड वाचलं, आणि म्हणाली, "काकू, हे फार भारी आहे. लक्षणावरून शोधायची सोय मी कुठल्याच ग्रंथालयात बघितली नाही."

खण फेकले असते तर बरं झालं असतं. रागवायला कारण तरी मिळालं असतं.

मग तिनं ते संगणकात घेतलं, आणि माझ्यापेक्षा चांगलं केलं. मेंढीवाल्यांच्या पानावर तिनं मेंढीचं चित्र घातलं. पायावर बोट ठेवलं की पायाचे रोग, तोंडावर ठेवलं की तोंडाचे. रेशीमवाल्यानं अंडीपुंज आणल्याची तारीख टाकली की आज त्याची अळी कितव्या दिवसात आहे ते धरून वाचायचं काय ते पुढं यायचं, आणि तेही त्याच्या फोनवर, मळ्यात बसून. काम करायच्या आधी ती त्या सगळ्यांना बोलवून चहा पाजायची आणि विचारायची, तुम्ही शोधता कसं? मी इतकी वर्षं माझ्या अंदाजानं शिवत होते. ही मापाची टेप घेऊन आली होती. माझ्या डोक्यात ते चित्र का आलं नाही, ह्याचं उत्तर मी अजून शोधते.

तुकारामतात्या म्हणून लिंबागणेशकडचे एक रेशीमवाले होते. दरवर्षी बांधावरची पहिली सीताफळं माझ्या टेबलावर यायची. त्या वर्षी ते पिशवी घेऊन आले आणि माझ्यासमोरून सरळ अश्विनीच्या केबिनकडं निघाले.

"तात्या, इकडं कुठं?"

"मॅडमला चार सीताफळं आणली व्हती. लई काम आलं त्यांचं ते फोनवरलं."

"बरं केलं."

"तुमालाबी आणतो की पुढल्या बारीला."

"मला नका आणू. साखर वाढलीय माझी."

साखर वाढली नव्हती. चार म्हणाले होते, पिशवीत सहा होती. दुपारी अश्विनीनं त्यातली दोन ताटलीत घालून माझ्याकडं पाठवली. मी परत पाठवणार होते, पण काउंटरवरची पोरं बघत होती म्हणून पिशवीत टाकली. दोन दिवसांनी पिकली. गोड होती. तेवढा अन्याय मी सीताफळावर करत नाही.

अश्विनीची एक पद्धत होती, सोमवारच्या यादीची. लोक संगणकात काय काय शब्द टाकतात ते तो लिहून ठेवतो. ज्या शब्दांना काहीच सापडलं नाही, त्यांची यादी ती दर सोमवारी काढायची. 'शून्य निकाल' असं त्या यादीचं नाव. मग त्या माणसाला काय पाहिजे होतं ते ओळखायचं, पुस्तक असेल तर त्याला तो शब्द जोडायचा, नसेल तर मागवायचं. म्हणजे जो रिकाम्या हातानं गेला त्याच्यावरून कॅटलॉग दुरुस्त करायचं. किती साधी गोष्ट. माझ्यापुढून असे किती लोक रिकाम्या हातानं गेले असतील, मी त्यांना मोजलंच नव्हतं. जे खूश होऊन गेले तेवढेच माझ्या ध्यानात.

एका सोमवारी ती यादी घेऊन माझ्या टेबलाशी आली.

"काकू, हे बघा. मेंढपाळ चराई निजाम. धनगर गायरान हुकूम. चराई रान राखीव. कळप मुक्काम गावं. पंधरा दिवस एकाच वाचक-क्रमांकावरून कुणीतरी एकच गोष्ट शोधतंय, शब्द बदलून बदलून. आपल्याकडं ह्यावर काही असेल?"

माझ्या डोळ्यांपुढं वहीचं पान आलं. खंड एकोणीस. चराईसाठी राखलेली रानं, गावांच्या नावांसकट. ते लिहून घेताना गुरुजींनी मला तीन नावं दोनदा सांगितली होती, तेही आठवलं.

"न्हाई," मी म्हणाले.

"त्या उर्दू खंडांत?"

"त्यात सगळं कोर्टकचेरीचं हाय."

"नक्की ना? तुम्ही म्हणालात तर मी तसं त्यांना कळवते."

"कळवा की."

ती गेली. मी रबरी शिक्का घेतला आणि नव्या पुस्तकांवर मारत बसले. मला वाटत होतं, येईल तो माणूस. यादीत सापडलं नाही की येईल, विचारील, काकू हायत का. मग मी म्हणेन, बसा, बघते. अश्विनीच्या देखत म्हणेन.

कुणी आलं नाही. ग्रंथपालांनी नाही म्हणून कळवलं होतं, मग कशाला येईल.

आता आमच्याकडं असा नियम आहे, की प्रबंध विद्यापीठात द्यायच्या आधी त्याची प्रत ग्रंथालयात येते. कुणाचं चोरून लिहिलंय का ते संगणक तपासतो. त्या प्रती नोंदवून घ्यायचं काम माझ्याकडं होतं. चारेक महिन्यांनी एक प्रत आली. बालाघाटातल्या मेंढपाळांच्या वाटांवर होती, धारूरकडच्या सारिका नावाच्या मुलीची. नोंदवता नोंदवता मी चाळायला लागले आणि एका पानावर थांबले. लिहिलं होतं की निजामकाळात ह्या भागात मेंढपाळांसाठी चराईचं रान राखून ठेवल्याची कोणतीही लेखी नोंद उपलब्ध नाही. खाली तळटीप: ग्रंथपालांनी कळवल्यानुसार.

हे पुढचं लिहिताना हात जड होतोय, पण लिहिते. ती तळटीप वाचून मला क्षणभर बरं वाटलं. चूक होती, आणि ती अश्विनीच्या नावावर होती. पुढं कधीतरी कुणीतरी तो खंड उघडील आणि म्हणेल, ग्रंथपालाला एवढंही माहीत नव्हतं. मी प्रत मिटली आणि शिक्का मारला.

सारिका अर्ज भरायला त्याच दिवशी आली होती. तिचे वडील बाहेर कट्ट्यावर बसलेले, फेटा, खांद्यावर घोंगडी. मी डबा धुवायला नळावर गेले तर ते म्हणाले, "बाई, पोरीनं लिहिलेलं तुमी वाचलं का?"

"चाळलं."

"बरं लिहिलंय का?"

"चांगलं लिहिलंय."

"आमच्या रानाचं तिला घावलं न्हाई म्हणती. माझा बाप सांगायचा, कागद हाय, सरकारनं दिलेला. मी पोरीला तेवढ्यासाठीच शिकीवली म्हणा की. आता तीच लिहून द्याया लागली, कागद न्हाई म्हणून." त्यांनी घोंगडी सारखी केली. आवाजात राग नव्हता. "आमाला आतासुदीक मेंढरं घालू देत न्हाईत लोक. कागद हाय, कागद हाय म्हणायचो. पुस्तकातच न्हाई म्हणल्यावर आमी खोटं."

प्रबंध द्यायची तारीख शुक्रवारची होती. हा सोमवार.

मंगळवार मी घालवला. घरी भाकऱ्या करपल्या, सून म्हणाली, "आत्याबाई, बरं न्हाई का?" मी म्हणाले, डोळे चुरचुरतात. खरं म्हणजे मी हिशोब करत होते, की हे सांगायचं तर अश्विनीला सोडून कसं सांगता येईल. चूक तर सुधारली पाहिजे पण सुधारली मी पाहिजे, असं चाललं होतं डोक्यात. चांगलं करायला निघालेली बाईसुद्धा किती बारीक असू शकते, ते मला त्या दिवशी कळलं.

बुधवारी मी खंड एकोणीसचं ते पान झेरॉक्स केलं आणि सुटल्यावर शेख गुरुजींच्या घरी गेले. त्यांची नजर आता अधू झालीय. भिंग लावून त्यांनी पान वाचलं, मग भिंग खाली ठेवलं.

"ये तो हमने तब्बी पढ़ा था. कार्ड बनाने बोला था मैं."

"हो."

"बनाया नहीं?"

"न्हाई, गुरुजी."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. वर्गातल्या पोरानं पाटी कोरी आणल्यावर मास्तर बघतो तसं. मग म्हणाले, "बुलाओ बच्ची को. कल मैं आता हूँ."

मी सारिकाला फोन केला. अश्विनीला नाही.

गुरुवारी सकाळी मागच्या खोलीत आम्ही चौघं बसलो. गुरुजी, मी, सारिका आणि तिचे वडील. गुरुजींनी आधी हुकमाचा मतलब सांगितला, की मेंढ्यांचे कळप घाटातून खाली जाताना आणि परत येताना त्यांना इतकी रानं मोकळी ठेवावीत, गावकऱ्यांनी अडवू नये. सारिका लिहून घेत होती. मग गुरुजी रानांची नावं वाचायला लागले. भिंग हळूहळू सरकवत.

"वडाचा माळ," गुरुजी म्हणाले.

"काळी बरड," सारिकाचे वडील म्हणाले.

गुरुजींनी मान वर केली. "तुम पढ़ लेते उर्दू?"

"न्हाई जी. वडाच्या माळानंतर काळी बरडच येती. मग जोडतळं. मग पांढरीचं रान, तितं तीन मुक्काम."

गुरुजींनी भिंग खाली आणलं. काळी बरड. जोडतळं. पांढरीचं रान. तीन मुक्काम. पुढं गुरुजी वाचायचे थांबलेच. ते नुसतं बोट सरकवत होते आणि सारिकाचे वडील नावं सांगत होते, आणि कागदावर तीच होती, त्याच क्रमानं. एक नाव मात्र त्यांना आलं नाही. गुरुजींनी ते वाचलं तसे ते म्हणाले, "ते आता तलावात गेलं. म्हातारा सांगायचा, मी इसरलो हुतो."

सारिका उठली. मला वाटलं माझ्याकडं येतीय. माझे हात आपोआप मांडीवरून उचलले गेले. ती दार उघडून धावत गेली आणि अश्विनीच्या केबिनमधून तिचा आवाज आला, "मॅडम, सापडलं, मॅडम."

उचललेले हात मी पदराला पुसले. दुसरं काय करणार.

अश्विनी आली. तिनं पान बघितलं, त्या दोघांकडं बघितलं, आणि तिचे डोळे भरले. मग ती माझ्याकडं वळली.

"काकू, तुम्हाला कसं आठवलं?"

"आठवलं असंच. भाकरी करता करता."

"मी त्या दिवशी विचारलं तेव्हा नव्हतं ना आठवलं?"

"न्हाई. आता वय झालं."

गुरुजी चष्मा पुसत होते. बराच वेळ पुसत होते.

सारिकानं ते वाक्य काढलं, तिथं तीन ओळी आणि खंडाचं पान घातलं, आणि शुक्रवारी प्रबंध दिला. सुरुवातीला आभार आहेत. 'ग्रंथपाल अश्विनी मॅडम यांनी शोधाची वाट दाखवली.' त्याखाली 'ग्रंथालयातील सर्व कर्मचारी.' मी त्या सर्वांत आहे. तिचं बरोबरच आहे. तिला नाही म्हणणारी मीच होते हे तिला माहीत असतं तर तेवढंही आलं नसतं.

त्यानंतर मी वही अश्विनीला दिली. घरी जुन्या पेटीत सापडली म्हणून सांगितलं, म्हणजे आणखी एक खोटं. दोन महिने आम्ही दोघी बसत होतो. मी वाचायची, ती संगणकात घालायची. मी एका नोंदीला एक शब्द सुचवायची, ती तीन सुचवायची आणि तिन्ही बरोबर असायचे. विहिरीच्या भांडणाला तिनं 'पाणीवाटप' लावलं, जातीचं नाव लावलं, आणि ज्या बाईनं अर्ज केला होता तिचंही नाव लावलं. ती बाई माझ्या वहीत नव्हतीच, अश्विनीनं गुरुजींना फोन करून विचारलं. आता कुणीही दारातून आत येतो आणि माझ्यासारख्या कुणाकडं न बघता सरळ त्या सदतीस खंडांत शिरतो. काम म्हणून बघितलं तर मी केलेल्या सगळ्या कामांत हेच चांगलं झालंय. आणि ते करताना मी शेजारी बसून जळत होते.

गेल्या वर्षी मी निवृत्त झाले. निरोपाच्या समारंभात अश्विनीनं तीच गोष्ट सांगितली. संगणकाला सापडलं नाही ते काकूंना आठवलं, म्हणाली. ग्रंथालयात माणूस लागतो तो ह्यासाठी, म्हणाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सारिकाचे वडील धारूरहून मुद्दाम आले होते. त्यांनी त्यांच्याच मेंढ्यांच्या लोकरीची घोंगडी माझ्या खांद्यावर घातली. मी वाकून नमस्कार केला. शेख गुरुजी पहिल्या रांगेत होते, त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते. ती घोंगडी मी एकदाही अंगावर घेतलेली नाही.

मी हे का लिहितेय, तर आमच्या ग्रंथालयात दिवाळी अंक आले की अश्विनी त्यातला एकेक लेख वाचते. जिल्ह्यातल्या माणसानं लिहिलेला असला तर त्याची वेगळी नोंद करते आणि त्याला विषय देते, म्हणजे पुढं कुणी शोधलं तर सापडावा. तेव्हा हा अंकही तिच्या टेबलावर जाईल, आणि माझं नाव दिसलं की ती हा लेख आधी वाचील. डबा बाजूला सारून वाचील. तिला कळेल की मला काही आठवलं नव्हतं, मी विसरलेच नव्हते. मग तिला ह्या लेखालाही विषय द्यावा लागेल.

मी स्वतः करून बघितलं. एका कागदावर 'ग्रंथालये, बीड जिल्हा' लिहिलं. खोडलं. 'मेंढपाळ' लिहिलं, 'हुकूमनामे' लिहिलं, 'सेवानिवृत्तांच्या आठवणी' लिहिलं. एकही शब्द असा बसेना, की असंच काहीतरी करून बसलेल्या दुसऱ्या कुणी तो टाकावा आणि त्याला हा लेख मिळावा. आठ दिवस झाले. अश्विनीला तो शब्द अर्ध्या तासात सापडेल. मला राग येईल तिचा, पण शब्द बरोबर असेल.